समुद्रकांठचीं मोकाट कुत्रीं

पावसाळा सरून समुद्र शांत झाला, म्हणजे गोव्यांतील कळंगुट, बागा, कांदोळी या गांवांच्या पुळणीवर बांबू आणि झावळ्या यांचीं तात्पुरतीं उपाहारगृहें उभीं राहूं लागतात. त्यांना तिकडे ‘शॅक’ म्हणतात. शॅक उभे राहिले कीं त्यांच्या सावलींत कुत्रीं येऊन पडतात. हीं कुत्रीं कोणाचीं, असें विचारलें तर शॅकवाला म्हणतो, पुळणीवरचीं. गांवकरी म्हणतो, पाहुण्यांनीं लाडावलेलीं. आणि पाहुणा तर आठवड्याभरांत आपल्या घरीं परतलेला असतो. हंगामांत पाहुण्यांच्या ताटांतील मासळीवर आणि पावाच्या तुकड्यांवर त्यांचें बरें चालतें. मे महिना संपतां संपतां शॅक मोडले जातात, मेजें-खुर्च्या गोदामांत जातात, पाऊस कोसळूं लागतो, आणि पुळणीवर उरतात तीं कुत्रीं व त्यांची भूक.

सकाळीं ज्या कुत्र्याला एखादी पाहुणी प्रेमानें बिस्किट भरविते, त्याच्याच टोळीच्या भीतीनें रात्रीं कामावरून परतणारा नोकर हातांत काठी धरतो. दोघांचेंही वागणें समजण्यासारखें आहे. अडचण एवढीच कीं दोघांची कधीं गांठ पडत नाहीं.

हा प्रश्न पर्यटनाबरोबर जन्मास आला, असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः याच पश्चिम किनाऱ्यावर, मुंबईंत, तो जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं इतक्या तीव्रतेनें उभा राहिला होता कीं त्यापायीं दंगा झाला, बाजार बंद पडला आणि लष्कराला पाचारण करावें लागलें. तेव्हांपासून आजवर फिरून फिरून तीनच उपाय पुढें आले आहेत : कुत्रीं मारून टाकावीं, दुसरीकडे नेऊन सोडावीं, किंवा जेथें आहेत तेथेंच ठेवून त्यांची व माणसांची नीट व्यवस्था लावावी. या तीन उपायांचा इतिहास म्हणजे एका अर्थीं नागरी जबाबदारीचाच इतिहास आहे.

मराठी माणसाची आणि कुत्र्याची सोयरीक जुनी. पण ती कधींच सरळ नव्हती. दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रीं असतात व तीं चार वेदांचीं रूपें मानलीं जातात. खंडोबाच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्रा धांवतो, आणि त्याचे भक्त स्वतःस अभिमानानें वाघ्या म्हणवितात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगत आले. आणि याच भाषेंत ‘कुत्र्याच्या मौतीनें मरणें’ ही दुर्गतीची परमावधि ठरली, व दारीं आलेल्या कुत्र्याला ‘हाड’ म्हणून हांकलणें हा नित्याचा परिपाठ राहिला.

खेड्यांत या विसंगतीचा भार फारसा जाणवत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील आंबागड समुद्रापासून शेंकडों मैल दूर, सातपुड्याच्या रांगांत आहे. किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलेल्या अशा खेड्यांतला कुत्रा कोणा एकाच्या दाव्याला बांधलेला नसला, तरी अगदींच बेवारशी नसतो. तो अमक्या आळींतला, तमक्याच्या खळ्यावर निजणारा, म्हणून ओळखला जातो. रात्रीं रानांतून बिबट्या वा रानडुक्कर शिवाराकडे वळलें, कीं पहिली हाक तोच देतो. सकाळीं त्याला शिळी भाकर मिळते. हा करार कोठें लिहिलेला नाहीं. परंतु तो दोन्ही पक्षांना ठाऊक असतो. कुत्रा पिसाळलाच, तर तो कोणत्या आळींतून गेला व कोणाला चावला, हें सांगणारीं माणसेंही गांवांत असतात.

मोठ्या शहरांत, आणि त्याहूनही अधिक पाहुण्यांवर जगणाऱ्या किनाऱ्यावरच्या गांवांत, हा करार तुटतो. अन्न घालणारा एक, रात्रभर भुंकणें ऐकणारा दुसरा, चावा सोसणारा तिसरा, आणि बंदोबस्त ज्याच्याकडे मागावयाचा तो अधिकारी चौथा. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न म्हणतात तो या तुटलेल्या कराराचा प्रश्न होय.

या प्रश्नाला धार येते ती एका रोगामुळें. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याचें वर्णन आहे : त्याचें शेंपूट, जबडा व खांदे गळालेले असतात आणि तोंडांतून लाळ वाहत असते. अशा कुत्र्याच्या दंशानें पीडित झालेला रोगी पाण्याला भिऊं लागला, म्हणजे जलत्रास सुरू झाला, कीं तो वांचत नाहीं, असेंही तेथें सांगितलें आहे. अलर्क अथवा रेबीज या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं आजही रोगी हातीं लागणें जवळजवळ अशक्य असतें. म्हणून कुत्र्यांविषयींचा वाद केवळ आवडीनिवडीचा कधींच नव्हता. त्याच्या मागें मृत्यु उभा होता.

ब्रिटिश अंमलाखालच्या मुंबईनें या भयावर जो पहिला उपाय योजिला तो सरळ संहाराचा होता. उन्हाळ्यांत कुत्रीं पिसाळतात, अशी त्या काळच्या युरोपियनांची समजूत होती. त्या समजुतीस अनुसरून १८१३ सालीं शहराच्या पोलिसी नियमांत, वर्षांतील ठराविक दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याची तरतूद झाली. मारणाऱ्याला डोईमागें बक्षीस मिळे. बक्षीस आलें कीं त्यामागून लोभही येतो. मोकाट कोणतें आणि पाळलेलें कोणतें, हा भेद पैशांपुढें पुसट झाला. घराच्या ओट्यावरून व अंगणांतून कुत्रीं ओढून नेतात, अशा तक्रारी होऊं लागल्या.

१८३२ सालीं या मोहिमेची मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यांत आली, आणि ठिणगी पडली. शहरांतील पारशी समाजाला हें कृत्य केवळ क्रूर नव्हे, तर धर्माला धक्का देणारें वाटलें. झरथुष्ट्री धर्मांत कुत्र्याचें स्थान फार मोठें आहे. वेंदिदाद या ग्रंथांत कुत्र्याला इजा करणाऱ्यास दंड सांगितला आहे. मनुष्य मृत झाला म्हणजे त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा विधि असतो; त्यास ‘सगदीद’ म्हणतात, आणि त्यासाठीं डोळ्यांवर दोन ठिपके असलेलें, म्हणून ‘चार डोळ्यांचें’ म्हणविलें जाणारें कुत्रें श्रेष्ठ मानलें जातें. मृतात्म्याला जो चिनवत पूल ओलांडावयाचा असतो, त्याच्या वाटेवरही कुत्रेच राखणदार असतात, अशी श्रद्धा आहे. ज्या प्राण्याची गरज मरणोत्तर वाटेवर लागते, त्याचीं प्रेतें भर रस्त्यांत पडलेलीं पाहणें या लोकांना कसें सोसावें?

६ जून १८३२ रोजीं, पारशांच्या एका पवित्र दिवशीं, कुत्रीं मारण्यास निघालेल्या पोलिसांवर सुमारें दोनशें पारशांच्या जमावानें हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं या हल्ल्याचें रूप बदललें. कोटांतील दुकानें बंद झालीं. पारशांना हिंदू व जैन व्यापारी आणि कांहीं मुसलमानही येऊन मिळाले. लष्कराला जाणारी रसद अडविण्यांत आली, त्यामुळें कुलाब्याच्या छावणींतील गोऱ्या शिपायांच्या जेवणाचेच वांधे झाले. गाड्यांवर दगड व घाण फेकण्यांत आली. अखेरीस दंगलीचा कायदा वाचून दाखवून सरकारनें सैन्य आणलें, धरपकड केली, व पुढें कांहींजणांना शिक्षाही झाल्या. मुंबईंत पारशी समाज आणि इंग्रज सरकार यांचा उघड संघर्ष होण्याचा हा पहिलाच प्रसंग. बाजार बंद ठेवून सरकारला नमविण्याचें जें शस्त्र पुढें या शहरानें अनेकदां उपसलें, त्याचा एक आरंभींचा प्रयोग कुत्र्यांच्या निमित्तानें झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दंगा शमल्यावर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारखे प्रतिष्ठित व्यापारी मध्यस्थीस पुढें आले. सरकारकडे जी विनंती गेली, तींत कुत्र्यांना आहे तसें मोकाट सोडावें अशी मागणी नव्हती. त्यांना मारूं नये, शहराबाहेर नेऊन सोडावें, अशी ती होती. म्हणजे पहिल्या उपायाविरुद्ध बंड करून उठलेल्या शहरानें दुसरा उपाय पुढें केला. त्याचेंच दृश्य फळ दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, दिसलें. जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या पारशी व जैन धनिकांच्या पुढाकारानें भुलेश्वराजवळ मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. व्यापाऱ्यांनीं आपल्या देवघेवीवर लाग बसवून तिचा खर्च चालविला. म्हातारीं गुरें, लंगडे घोडे आणि रस्त्यावरचीं कुत्रीं यांना तेथें आश्रय मिळाला.

पांजरापोळीचें औदार्य कोणीही नाकारणार नाहीं. ती संस्था पुढें दीर्घकाळ चालली व वाढली. तथापि कुत्र्यांच्या बाबतींत तिची मर्यादा लवकरच उघड झाली. भिंतींच्या आंत शंभर कुत्रीं नेलीं, तरी रस्त्यावरील उकिरडा जेथल्या तेथें राहतो. तेथील अन्नावर राहिलेल्या कुत्र्यांचीं पिलें जगतात, शेजारच्या आळींतलीं येऊन मोकळी जागा व्यापतात, आणि एक-दोन वर्षांत पूर्वींइतकींच कुत्रीं दिसूं लागतात. मारण्याची मोहीमही याच कारणानें फसते. कुत्र्यांची संख्या कुत्र्यांवर अवलंबून नसून टाकलेल्या अन्नावर अवलंबून असते, हें साधें सत्य लक्षांत यावयास मुंबईला आणखी दीडशें वर्षें लागलीं.

मध्यंतरीं वैद्यकानें मोठी झेप घेतली. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली नवी लस टोंचण्यास आरंभ केला, आणि तो मुलगा वांचला. हिंदुस्थानांत १९०० सालीं हिमालयाच्या कुशींत कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. १९०७ सालीं दक्षिणेंत कुन्नूर येथें दुसरी निघाली. चावा मिळाल्यावर शेंकडों मैलांचा आगगाडीचा प्रवास करून तेथें पोंचावयाचें, हाच त्या काळीं उपचाराचा मार्ग होता. तो ज्यांना परवडला नाहीं त्यांची गणती कोणी ठेवली नाहीं. १९११ सालीं कसौली येथेंच डेव्हिड सेंपल यांनीं मेंढीच्या मेंदूपासून अधिक टिकाऊ लस सिद्ध केली, आणि ती गांवोगांवच्या दवाखान्यांपर्यंत पाठवितां येऊं लागली. परळच्या हाफकिन संस्थेनेंही पुढें हें कार्य केलें. पोटांत घ्यावयाचीं चौदा इंजेक्शनें म्हणून अनेक पिढ्यांच्या मनांत जी धास्ती बसली, ती याच लसीची. तिच्या क्वचित्‌ होणाऱ्या दुष्परिणामांत पक्षघाताचाही समावेश होता. २००४ च्या अखेरीस भारतांत तिचें उत्पादन व वापर थांबला. त्याऐवजीं दंडांत घ्यावयाच्या, थोड्या मात्रांच्या आणि कितीतरी निर्धोक लसी आल्या.

परंतु ही सगळी प्रगति चावा मिळालेल्या माणसापुरती होती. चावणाऱ्या कुत्र्याचा विचार मागेंच राहिला. स्वातंत्र्यानंतरही मुंबई महानगरपालिका रस्त्यांवरचीं कुत्रीं पकडून महालक्ष्मी येथें विजेच्या धक्क्यानें मारीत असे. बक्षीस गेलें, यंत्र आलें. विचार १८१३ चाच राहिला. कुत्रीं तर कमी झालींच नाहींत. इकडे चेन्नईंत ब्ल्यू क्रॉस या संस्थेनें १९६४ पासून वेगळा मार्ग सुचविला होता : कुत्रीं पकडावीं, त्यांची शस्त्रक्रिया करून प्रजनन थांबवावें, रोगप्रतिबंधक लस टोंचावी, आणि जेथून आणलीं तेथेंच परत सोडावीं. आपल्या हद्दींत परतलेलें निर्बीज कुत्रें नव्या कुत्र्याला तेथें शिरूं देत नाहीं, आणि स्वतः पिलेंही देत नाहीं. यामुळें संख्या हळूहळू उतरते, असा यामागचा हिशेब. मुंबईनें १९९४ सालीं मारणें थांबविलें, आणि २४ डिसेंबर २००१ रोजीं केंद्र सरकारनें कुत्र्यांच्या जननियंत्रणाचे नियम करून हाच मार्ग देशाला लागू केला. तिसरा उपाय अशा रीतीनें कायद्याच्या पुस्तकांत आला. तो रस्त्यावर कितपत आला, हें शहरागणिक निराळें होतें. पैसा, पशुवैद्य आणि चिकाटी या तिन्हींची वाण असेल तेथें तो कागदावरच राहिला.

तो प्रत्यक्षांत आणून दाखविण्याचा मान, निदान रोगापुरता, गोव्याकडे जातो. आणि म्हणूनच या कथेचा दुसरा मोठा अध्याय पुन्हां समुद्रकांठींच घडतो.

१९६१ सालीं गोवा पोर्तुगीज सत्तेंतून मुक्त झाला, आणि त्याच दशकाच्या अखेरीपासून हणजुणे व कळंगुट या गांवीं लांब केसांचे परदेशी तरुण येऊन राहूं लागले. ऐंशीच्या दशकांत थेट युरोपांतून पाहुण्यांनीं भरलेलीं विमानें उतरूं लागलीं. जेथें रांपणीचीं जाळीं ओढलीं जात, होड्या वाळवल्या जात, तेथें खाटा आणि छत्र्या मांडल्या गेल्या. कोळ्यांच्या वस्तींत टाकलेल्या मासळीवर जगणारीं चार-दोन कुत्रीं पूर्वींही होतीं. आतां उपाहारगृहांच्या मागच्या दारीं पडणाऱ्या उष्ट्यावर त्यांच्या टोळ्या पोसल्या जाऊं लागल्या. पाहुण्यांच्या दयेंतून प्राण्यांसाठीं आश्रयस्थानें निघालीं, तशीच पाहुण्यांच्या भीतींतून ‘या कुत्र्यांना हटवा’ ही ओरडही निघाली. मुंबईंत १८३२ सालीं राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यांत जो विरोध दिसला, तो येथें एकाच पुळणीवर शेजारीं-शेजारीं बसलेल्या दोन पाहुण्यांत दिसूं लागला.

२०१३ सालीं ‘मिशन रेबीज’ नांवाची संस्था निघाली. तिनें गोवा सरकारच्या सहकार्यानें तेथें जें काम उभें केलें तें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. त्यामागचें शास्त्र असें. एक पिसाळलेला कुत्रा सरासरीनें एका-दोघां कुत्र्यांनाच हा रोग देतो. देवी किंवा गोवर यांच्या मानानें ही फैलावाची गति फार मंद आहे. म्हणून प्रत्येक कुत्र्याला लस देण्याची आवश्यकता नसते. दर शंभरांपैकीं सत्तर कुत्र्यांना ती मिळाली, तर रोगाची सांखळी तुटते. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याचें आयुष्य थोडें असतें, व नवीं पिलें सारखीं येत असतात. त्यामुळें हें सत्तराचें प्रमाण दर वर्षीं नव्यानें गांठावें लागतें. एकदां मोठी मोहीम करून सत्कार-समारंभ उरकला, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं पहिले पाढे पंचावन्न.

कामाची पद्धतही साधी व कष्टाची होती. पहांटे पथकें निघत. कुणाच्या हातांत लांब दांड्याचें मोठें जाळें, कुणाच्या हातीं लशीची पेटी, कुणाच्या हातीं मोबाइल फोन. पाळलेलें कुत्रें मालकाच्या हातांतच टोंचलें जाई. मोकाट कुत्र्यावर चपळाईनें जाळें टाकून, लस देऊन त्याला क्षणांत सोडलें जाई. त्याच्या अंगावर रंगाची खूण केली जाई, आणि तें कोणत्या ठिकाणीं सांपडलें याची नोंद फोनवर होई. मागाहून दुसरी माणसें त्याच वाडींतून फिरून खूण असलेलीं किती व नसलेलीं किती, हें मोजीत. प्रमाण कमी भरलें तर पथक पुन्हां त्या वाडींत जाई. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशीं कसें वागावें आणि चावा मिळाल्यास काय करावें, हें शिकविलें जाई. वर्षाला सुमारें दीड लाख मुलांपर्यंत हें शिक्षण पोंचलें. कुत्रा पिसाळल्याचा संशय आला कीं कळविण्याची सोय होती, आणि मेलेल्या कुत्र्याची तपासणी करून रोग होता कीं नाहीं, हें निश्चित केलें जाई.

याचें फळ आंकड्यांत दिसतें. २०१३ ते २०१९ या काळांतील कामाचा जो शास्त्रीय आढावा २०२२ सालीं प्रसिद्ध झाला, त्यानुसार पंचाण्णव हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देऊन सत्तर टक्क्यांचें प्रमाण गांठलें गेलें, आणि कुत्र्यांतील रोगाचें मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनीं घटलें. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत गोव्यांत अलर्कानें एकही मनुष्य दगावल्याची नोंद झाली नाहीं. २०२१ सालीं राज्य सरकारनें गोवा हें रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलें. भारतांतील हें पहिलेंच असें राज्य. जगांत या रोगानें मरणाऱ्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश माणसें भारतांतलीं असतात, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या यशाची किंमत कळते.

येथें एक तुलना आपोआप सुचते. १८१३ च्या नियमानें मेलेलीं कुत्रीं मोजलीं, व मोजणाऱ्याला पैसे दिले. गोव्याच्या मोहिमेनें जिवंत कुत्रीं मोजलीं. तीं कोठें राहतात, कितींवर खूण आहे, कितींवर नाहीं, याची वही ठेवली. खेड्यांतल्या माणसाला जें ज्ञान सहज असतें, हा कुत्रा कोणत्या आळींतला, तेंच ज्ञान येथें फोनच्या मदतीनें सबंध राज्यासाठीं नव्यानें मिळविलें गेलें. तुटलेल्या कराराचें एक कलम तरी असें पुन्हां लिहिलें गेलें.

पण एकच कलम. रोग हटला म्हणून चावा हटत नाहीं. लस दिलेलें कुत्रेंही भुकेनें, भयानें किंवा पिलांच्या रक्षणासाठीं चावतें. सायकलीमागें धांवणाऱ्या टोळीला आपण रोगमुक्त आहों याची जाणीव नसते, आणि तिच्यापुढें पळणाऱ्या मुलालाही त्या गोष्टीचा दिलासा नसतो. शिवाय रोग राज्याची सीमा ओळखत नाहीं. सिंधुदुर्ग, बेळगांव व कारवार या बाजूंनीं कुत्रीं गोव्यांत येणारच. शेजाऱ्यानें हात आंखडला, तर एकट्या गोव्याला निर्धास्त होतां येत नाहीं.

पुळणीवर आणखी एक पक्षकार आहे, व त्याला बोलतां येत नाहीं. हिंवाळ्यांत मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकासवें अंडीं घालण्यास येतात. मोकाट कुत्रीं वाळू उकरून तीं अंडीं खातात आणि समुद्राकडे निघालेल्या पिलांवर तुटून पडतात. वनखात्याला घरट्यांभोंवतीं जाळीचें कुंपण घालून पहारा ठेवावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें गांवकऱ्यांनीं व सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ पासून कासवांचीं अंडीं सुरक्षित जागीं हलवून उबविण्याचें जें काम केलें, त्यांतही चोरट्या माणसांबरोबर कोल्हीं आणि कुत्रीं यांच्यापासून अंडीं राखणें हा मोठा भाग होता. कुत्र्याला दिलेलें बिस्किट हें भूतदयेचेंच कृत्य. परंतु त्या बिस्किटावर पोसलेल्या टोळीनें रात्रीं कासवाचें घरटें उकरलें, तर त्या दयेचा जमाखर्च कोणत्या बाजूस मांडावयाचा? दयेला जागा आणि वेळ यांचें भान नसेल, तर तिचें मोल दुसराच कोणी जीव मोजतो.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेंही २०२५ सालीं हाच जुना वाद नव्या वेषांत आला. ११ ऑगस्ट रोजीं न्यायालयानें दिल्ली व आसपासच्या भागांतील सर्व मोकाट कुत्रीं उचलून आश्रयगृहांत ठेवण्याचा व परत न सोडण्याचा हुकूम दिला. देशभर खळबळ उडाली. लोक रस्त्यावर आले. २२ ऑगस्ट रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो हुकूम बदलला : शस्त्रक्रिया व लस झालेलीं कुत्रीं मूळ जागीं सोडावींत, पिसाळलेलीं, तसा संशय असलेलीं अथवा आक्रमक मात्र सोडूं नयेत, आणि अन्न घालण्यासाठीं ठराविक जागा नेमाव्यात. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें अशा ठिकाणांहून कुत्रीं हलवावीं व पुन्हां तेथें सोडूं नयेत, असाही आदेश झाला. १८३२ च्या विनंतींतील ‘शहराबाहेर न्या’ हा उपाय आणि त्यानंतरचा ‘जेथल्या तेथें सांभाळा’ हा उपाय, दोन्ही एकाच वर्षाच्या निकालांत एकमेकांशेजारीं दिसतात, यांत नवल नाहीं. प्रश्न संपलेला नसला म्हणजे जुनीं उत्तरें पुन्हां पुन्हां दार ठोठावतात.

या दीर्घ अनुभवांतून समुद्रकांठच्या गांवांनीं काय घ्यावें? ज्या शॅकच्या मागच्या दारीं उष्टें पडतें, त्यानें तें झांकलेल्या पिंपांत ठेवावें, आणि ग्रामपंचायतीनें तें रोज उचलावें. कारण कुत्र्यांची संख्या तेथेंच ठरते. पुळणीवर जेवण घालावयाचें असेल, तर तें मुलांच्या खेळण्याच्या व कासवांच्या घरट्यांच्या जागेपासून दूर, नेमल्या ठिकाणीं व नेमल्या वेळीं घालावें. हंगामांत जो चारतो, त्यानें पावसाळ्यांतही कोण चारील याची सोय पाहावी, नाहींतर भुकेलेल्या टोळीचा राग गांवाला सोसावा लागतो. शस्त्रक्रिया आणि लस यांचा क्रम दर वर्षीं चुकतां कामा नये. आणि चावा मिळालाच, तर हळद-चुना न लावतां जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठून लस सुरू करावी. कुत्रें ओळखीचें आहे, लाडकें आहे, या समजुतीवर विसंबूं नये. पंधरा मिनिटांचें पाणी आणि वेळेवर घेतलेली लस यांनीं जेवढे जीव वांचतात, तेवढे दोनशें वर्षांच्या कोणत्याही हुकुमानें वांचले नाहींत.

खेड्यांतला न लिहिलेला करार किनाऱ्यावर जसाच्या तसा परत आणतां येणार नाहीं. तेथें पाहुणे येतच राहतील आणि जातच राहतील. म्हणून तो लिहूनच करावा लागेल, आणि त्यावर अन्न घालणाऱ्यानें, कचरा टाकणाऱ्यानें, कर घेणाऱ्यानें व रात्रीं त्या वाटेनें घरीं जाणाऱ्यानें, सर्वांनीं सही करावी लागेल. कुत्र्यानें आपली बाजू कधींच मोडली नाहीं. ज्या आळींत त्याला भाकर मिळाली, ती आळी तो आजही राखीत असतो.